पुढचा खांदा

फोन वाजला तेव्हा हणमंत खोत माझ्या समोर बसून माझ्या ताटातल्या उपम्याला नावं ठेवत होता.

"असला पांचट उपमा खाऊन फायनल खेळनार तुमची पोरं? मग झालंच."

"पोरं खेळनार, मी नुसता बसनार," मी म्हणालो. "आन बसून हरायची सवय तुला हाय, मला न्हाई."

मुंबईतल्या त्या हॉटेलात दोन्ही संघ उतरले होते. कबड्डी लीगची फायनल होती, माझा नाशिकचा संघ आणि त्याचा नागपूरचा. दोघेही प्रशिक्षक, दोघेही कृष्णाकाठच्या खोलेवाडीचे, एकाच मास्तरांच्या हाताखाली मार खाऊन तयार झालेले. खेळायचो तेव्हा हणमंत डावा कोपरा आणि मी त्याला लागून. दोघांनी एकमेकांचा हात धरून चढाईवाल्याला कोंडायचं, याला आमच्याकडे साखळी म्हणतात. बारा वर्षं मी त्याचा हात धरला, एवढा बायकोचाही धरलेला नाही. वर्तमानपत्रांना हे आयतंच सापडलं होतं. आदल्या दिवशी दोन फोटोवाल्यांनी आम्हाला हातात हात घालून उभं केलं होतं, दोन पोटं सुटलेली म्हातारी पोरं.

फोन गावाहून बाजीरावचा होता. बाजी आमच्या गावच्या जुन्या संघातला, पण गाव न सोडलेला. तो सकाळी कधी फोन करत नाही. मी ‘घरचा आहे’ म्हणून उठलो आणि लॉबीतल्या मोठ्या कुंडीपाशी जाऊन उभा राहिलो.

"जाल्या, मास्तर गेलं रं."

कुंडीतलं झाड प्लॅस्टिकचं होतं, एवढंच मला दिसलं.

"कवा?"

"पहाटं. झोपंतच. शालन नुसती बसून हाय, कुनाशी बोलंना. आता निघालात तर दिवस मावळायच्या आत पोचताय. तवर ठेवतो आमी. पुढचा खांदा तुमचा हाय, दुसरं कोन देनार? हणमाला तूच सांग बाबा, माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

पुढचा खांदा आमचा, हे मास्तरांनीच ठरवून ठेवलेलं होतं. रावजी मास्तर शाळेत ड्रिल शिकवायचे आणि शाळा सुटली की कबड्डी. त्यांना मुलगा नव्हता, शालन ही एकच मुलगी. हणमंतला आई नव्हती आणि बाप असून नसल्यासारखा. सातवीपासून तो मास्तरांच्याच घरी जेवला, तिथेच झोपला. मी शेजारच्या गल्लीतला, जेवायचो घरी, पण बोलणी खायला रोज त्यांच्याकडे. मास्तरांची बायको, आमच्या काकू, गेल्या तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना तिरडीच्या पुढे लावलं होतं. नदीवरून परतताना म्हणाले, "माझ्या टायमालाबी असंच. डावीकडं हणम्या, उजवीकडं जाल्या. पावलं जुळवून चाला, मला हिसकं बसायला नकोत." त्या दिवशीसुद्धा आम्ही हसलो होतो.

बाजी पलीकडे वाट बघत होता. मी काचेतून हणमंतकडे पाहिलं. तो पाठमोरा, खांदे पाडून बसला होता.

त्याचं दुखणं सगळ्या कबड्डीला ठाऊक होतं. तीनदा त्याने संघ फायनलला नेला आणि तिन्ही वेळा मोकळ्या हाताने परत आला. पोरं त्याला मागून ‘उपविजेता खोत’ म्हणायची. मालकांनी यंदा तोंडावर सांगितलं होतं की कप आणा, नाहीतर दुसरीकडे बघा. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेतो? आणि मी त्याला पुरता ओळखत होतो. मास्तर गेले एवढं कानावर पडलं असतं की तो पायातल्या स्लिपरवर तसाच रस्त्याला लागला असता. फायनल, कप, मालक, सगळं गेलं खड्ड्यात. मग त्याच्या हाताखालच्या कच्च्या साहाय्यकाला माझ्या पोरांनी अर्ध्या तासात लोळवलं असतं.

माझ्याकडे कप होते, दोन. एकट्याने गुपचूप निघावं तर माझी खुर्ची रिकामी दिसताच पहिला प्रश्न हणमंतच विचारणार. तेव्हा जायचं तर दोघांनी, नाहीतर कुणीच नाही.

"बाजी, आमची वाट बघू नका," मी म्हणालो.

"आँ?"

"हणमाला फायनल झाल्यावर सांगतो. तुमी पाव्हनं जमलं की उरकून घ्या. पुढचा खांदा तू दे."

फोनमधून गावातल्या कोंबड्यांचा आवाज आला.

"जाल्या, तुला कळतंय का तू काय बोलतोयास?"

"कळतंय."

"मास्तरांनी तुला..." एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. पुढचं वाक्य काय होतं ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

तिथे रडायची सोय नव्हती. माझे दोन खेळाडू लिफ्टमधून उतरून मला नमस्कार करून गेले. मी तोंडावरून हात फिरवला आणि आत गेलो. हे तोंड कसं करायचं ते मास्तरांनीच शिकवलेलं होतं. ते म्हणायचे, साखळीतल्या गड्याला आपलं दुखणं कळू द्यायचं नाही. त्याचं ध्यान तुझ्या दुखण्याकडे गेलं की चढाईवाला निसटलाच म्हणून समज. एका राज्य स्पर्धेत हणमंतने अख्खा सामना मोडलेल्या बोटाने माझा हात धरला होता. मेडल गळ्यात पडल्यावर त्याने बोट दाखवलं, वांग्यासारखं सुजलेलं. मी त्याला चारचौघांत शिव्या घातल्या आणि मास्तरांनी त्याची पाठ थोपटली.

"कुनाचा फोन?" हणमंतने विचारलं.

"बायकूचा. गोळ्या घेतल्या का म्हनून इचारती."

"घेतल्यास न्हवं?"

"घेतल्या."

"समद्या?"

"तू कवापास्नं डॉक्टर झालास?"

आदल्या वर्षी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि घरच्यांनी बजावलं होतं की ही शेवटची लीग. हणमंत माझ्याकडे टक लावून बघत राहिला. मग नेहमीसारखा हसला. "मला काय? तू खुर्चीवरनं आडवा झालास तर कप मला देतील, आन लोक म्हनतील हणम्यानं फुकटात मिळवला."

त्याच्या पुढ्यात एक केळं होतं, तेही न सोललेलं. मी उपमा बाजूला सारला. घरात मढं असताना घास उतरत नाही, तसं मला झालं होतं. त्याला काय झालं होतं ते मी फायनलच्या खात्यावर टाकलं. आम्ही दोघांनी बिनदुधाचा चहा घेतला आणि उठलो. दुपारी लीगच्या नियमाप्रमाणे दोघांचे फोन जमा झाले.

संध्याकाळी पाचला सामना होता. मैदानात हात मिळवला तेव्हा त्याचा हात गार लागला. तो म्हणाला, "जाल्या, दमानं घे. ओरडू नगंस उगं." मला वाटलं, मला डिवचतोय.

सामना असा झाला की अजून लोक विचारतात. आम्ही दोन गुणांनी पुढे, मग ते दोन गुणांनी पुढे. त्यांनी आमचे सगळे गडी बाद करून लोण चढवला, आम्ही तो मध्यंतरानंतर फेडला. मुद्दाम हरावं असं मनात आलं नाही असं नाही. पण तसला कप हणमंतच्या हातात देणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखंच होतं, आणि मास्तरांच्याही. मी प्रामाणिकपणे खेळवत होतो आणि मनातल्या मनात देवाला सांगत होतो की माझ्या पोरांच्या हातून निसटू दे, पण माझ्यामुळे नको.

दुसऱ्या डावात माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. बंद हॉलमध्ये दिवस कळत नव्हता, पण बाहेर ऊन उतरायला लागलं असणार. आता उचललं असेल, असं माझ्या मनात आलं. देवळाच्या वळणावर खांदेकरी थांबले असतील. मला बसवेना. मी काही कारण नसताना उठून उभा राहिलो.

पलीकडे हणमंतही उभा होता. त्याने बूट काढून खुर्चीखाली सारले होते आणि अनवाणी, हात बांधून, खाली बघत तो उभा होता. समोर त्याचा चढाईवाला गुण घेऊन परतला, पोरं नाचली, तरी त्याने मान वर केली नाही. मला वाटलं नवस बोलला असेल. एका कपासाठी हा माणूस काय काय करतोय, असं वाटून मला त्याची दयाही आली आणि रागही आला. आपण कुणासाठी इथे थांबलोय हे याला कळलं तर, असाही एक विचार येऊन गेला.

"सर, टाइम-आउट घेऊ या?" माझा साहाय्यक विचारत होता.

"नको. थोडा वेळ मला काही विचारू नको," मी म्हणालो.

शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने पुढे होतो. हणमंतचा सगळ्यात चांगला गडी आला, साप सुटावा तसा. माझा डावा कोपरा कराडकडचा एक लहानखुरा पोरगा होता. त्याने नेमक्या वेळी खाली बसून घोटा धरला, दुसऱ्याने कमरेला मिठी घातली आणि शिट्टी झाली.

आम्ही जिंकलो. सगळा हॉल उभा राहिला. तो पोरगा आयुष्यातली सगळ्यात देखणी पकड करून माझ्याकडे धावत आला आणि खरं सांगतो, त्याच्या मुस्काटात मारावी असं मला वाटलं. मास्तरांचा खांदा देऊन मी हे विकत घेतलं होतं! ज्याच्यासाठी घेतलं, तो तिकडे रिकाम्या हातांनी उभा होता. त्या बिचाऱ्या पोराला मी छातीशी धरलं आणि तो म्हणाला, "सर, तुम्ही रडताय." कॅमेरेवाल्यांनी तेही टिपलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं, आनंदाश्रू.

गर्दीतून हणमंत आला. अजून अनवाणीच. त्याच्याबरोबर त्यांच्या संघाचा डॉक्टर होता. हणमंतने माझा दंड धरला आणि मला खुर्चीकडे नेलं.

"बस हितं."

"कशाला?"

"तू बस आधी. डाक्टर, तुमी हितंच थांबा, कुटं जाऊ नका." मग तो माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला. हरलेल्या प्रशिक्षकाने जिंकलेल्याचे पाय धरावेत तसं ते लांबून दिसलं असेल. "जाल्या, घट हो. सकाळपास्नं सांगितलं न्हाई तुला, पाया पडतो तुझ्या, रागवू नगंस. मास्तर गेलं."

मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"डाक्टर, ह्याची नाडी बघा," तो घाबरून म्हणाला.

"हणम्या, मला ठावं हाय," मी म्हणालो. "बाजीचा फोन आलता. सकाळी."

"सकाळी? त्यो बायकूचा..."

"बाजीचा व्हता."

"मला शालननं केला. तू उठायच्या आधी." तो अजून गुडघ्यांवरच होता. "म्हनली, जालूदादाला तूच सांग, दोघं मिळून या. मी म्हनलं, त्याचं काळीज आधीच टाके घातल्यालं हाय, फायनलच्या दिशी त्याला हे सांगितलं तर एक मढं तितं आन दुसरं हितं. त्याला सामना झाल्यावर डाक्टर बसवून सांगतो. तुमी थांबू नका. तुझा फोन वाजला तवा मला वाटलं, कळलं आता ह्याला. तर तू हसत आलास, गाढवा. हसत!"

"तुझा कप व्हता, हणम्या. तुला सांगितलं असतं तर तू थांबला असतास का?"

"मला कशाला पायजे व्हता कप!" तो एवढ्याने ओरडला की डॉक्टर दचकला. "तुला काय वाटलं, मास्तर पडल्यात तितं आन मी हितं कपासाठी बसलोय? तुला सोडून जाता येईना म्हनून बसलो व्हतो मी!"

मला बक्षीस घ्यायला बोलावलं. मी गेलो, कप उचलला, खाली ठेवला. त्या कपाचा फोटो आमच्या घरी आहे, पण भिंतीवर नाही.

सगळे सोपस्कार संपवून निघायलाच रात्र झाली. गाडी हणमंतने चालवली. साताऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मास्तरांनीच बिघडवलं आपल्याला. दुखलं तर बोंबलायला शिकवायचं, तर तोंड दाबायला शिकवलं." मी म्हणालो, तसं शिकवलं म्हणून आपण इथवर आलो. "इथवर म्हंजी कुटवर?" त्याने विचारलं. मी चहाचे पैसे दिले. त्याच आठवड्यात मालकांनी त्याला काढलं. पुढे एका दुसऱ्या संघाबरोबर त्याने कप जिंकलाही, मी प्रेक्षकांत होतो. कप उचलताना तो असा दिसला की कुणीतरी आपलं सामान याच्याकडे धरायला दिलंय.

खोलेवाडीत शिरलो तेव्हा उजाडत होतं. मास्तरांच्या ओसरीवर बाजीराव बसला होता, उजव्या खांद्यावरचा गुलाल तसाच. आम्हाला बघून तो उठला, चप्पल घातली आणि एक शब्द न बोलता आमच्या अंगावरून निघून गेला. मला बरं वाटलं. कुणीतरी तसं वागायलाच हवं होतं.

शालन सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. तिने आम्हाला मिठी मारली नाही की ऊर बडवून घेतला नाही. आम्ही तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"अग्नी मीच दिला," ती म्हणाली. "गावकी कुरकुरली थोडी. मी म्हटलं, बाकीची दोघं फायनलला गेल्यात."

"शालन..." हणमंत म्हणाला.

"दुपारी बाजीच्या तोंडनं कळलं, जालूदादालाबी ठावं हाय म्हनून. मग दोघांचं फोन लावत बसले. बंद. मला हसूच आलं. दोघंबी एकमेकांपासनं लपवत बसलं असतील, म्हटलं. आबांचीच पोरं."

हणमंतने डोकं गुडघ्यात घातलं. त्याची पाठ हलत होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. मग त्याने तोंड वर केलं.

"शेवटी काय म्हनलं मास्तर? काय बोललं असतील न्हवं?"

"काय न्हाई."

"खरं सांग."

"चहा टाकते," म्हणून ती उठायला लागली. हणमंतने तिचा पदर धरला, लहानपणी मास्तरांच्या मारातून सुटण्यासाठी काकूंचा धरायचा तसा. ती परत बसली.

"चार दिवस झालं व्हतं अंथरुनाला खिळून," ती म्हणाली. "परवा सकाळी म्हनलं, पोरांना बोलाव. मी म्हटलं, आबा, फायनल हाय त्यांची. तर म्हनलं, असू दे फायनल. बोलाव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मास्तर म्हनलं असं?"

"मलाबी तसंच वाटलं. भ्रमात बोलत्यात म्हटलं. जन्मभर मैदान सोडू नका, मैदान सोडू नका म्हननारा मानूस. माझ्या लग्नाच्या हळदीला दोघांना सामन्याला धाडलं व्हतं त्यांनी, आठवतंय न्हवं? ते फायनल सोडून बोलावतील व्हय? बरं झाल्यावर मलाच फाडून खातील, म्हटलं. आन तुमचंबी डोस्क्यात आलं. दोघांची एवढी मोठी फायनल, कशाला घोर लावू? दोन दिवसांचा तर प्रश्न हाय." तिने पदराने तोंड पुसलं. "न्हाई बोलावलं मी."

बाहेर कुणीतरी बैलांना पाण्यावर नेत होतं. हणमंत तिच्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे.

"मग दिवसभर तेच," शालन म्हणाली. "निघाली का पोरं? निघाली का पोरं? रातच्याला लईच लावून धरलं, उठून बसाय लागलं. मग काय करू? म्हटलं, व्हय आबा, निघाली. दोघं संगंच निघाल्यात."

"मग?"

"मग निवांत पडलं." तिने दाराकडे पाहिलं. "पडल्या पडल्या म्हनलं, उशीर व्हईल त्यांना, दाराला कडी घालू नको."